तीन वर्षांच्या मुलीला कोणत्या क्लासला घालावे?

धामणगाव बढे येथील एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी येत्या जून महिन्यात तीन वर्षांची होईल. तिला कुठे घालावे यावरून घरात तीन मते झाली आहेत. आजोबा म्हणतात, गल्लीतच अंगणवाडी आहे, तिथे जाऊ द्या. वडिलांच्या मनात तालुक्याच्या गावातील इंग्रजी नर्सरी आहे. तिची व्हॅन सकाळी सात वाजता चौकात येते. मुलीच्या आईचे म्हणणे एवढेच, की लेक अजून एवढीशी आहे. त्यात भर म्हणून कोणीतरी घरी येऊन मेंदू सक्रिय करणाऱ्या क्लासचे पत्रक देऊन गेले. मुलाचा नव्वद टक्के मेंदू सहाव्या वर्षापर्यंत तयार होतो, मग वेळ निघून जाते, असे त्यात छापले आहे. पत्रलेखक विचारतात, "डॉक्टर साहेब, आम्ही शेतकरी माणसे. कर्ज काढून फी भरू, पण पोर मागे पडायला नको. काय करावे?"

पत्राच्या शेवटी, सही करण्याआधी, एक ओळ आहे. मुलीचा उजवा कान अधूनमधून वाहतो, पण त्याचे विशेष काही नाही, असे त्यांनी लिहिले आहे. या ओळीकडे मी अखेरीस येणार आहे.

आधी पत्रकातील वाक्य पाहू. ते अगदीच खोटे नाही. जन्मतः बाळाच्या मेंदूचे वजन साधारण ३५० ग्रॅम असते. सहाव्या वर्षापर्यंत तो आकाराने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के होतो. पण हे वाढीचे काम मूल झोपेत, जेवणात, खेळात आणि माणसांशी बोलण्यात करून घेते. क्लासमध्ये ते चालू करावे लागत नाही. पत्रक छापणाऱ्याने खऱ्या गोष्टीचा अर्धा भाग सांगितला आणि उरलेल्या अर्ध्या भागाची फी लावली.

झोपेचा हिशेब करून पाहा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची झोप धरून, दहा ते तेरा तास झोप लागते. व्हॅन सातला असेल तर मुलाला सहाला उठवावे लागते. आपल्या घरी जेवणे आटोपून, मालिका संपून दिवा मालवायला रात्रीचे दहा वाजतात. म्हणजे रात्रीची झोप झाली आठ तास. नर्सरीतून बारा-एकला परत आले की दुपारी पुन्हा क्लास. रोज दोन तास झोप तुटलेले मूल चिडचिडे होते, जेवत नाही, सारखे आजारी पडते, आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. मग लक्ष लागावे म्हणून आणखी एक क्लास.

असे एक मूल माझ्याकडे आले होते. साडेचार वर्षांचा मुलगा, रोज सकाळी पोट दुखते आणि कधीकधी उलटी होते अशी तक्रार. जंताचे औषध झाले होते, लघवी तपासून झाली होती, सोनोग्राफीही झाली होती. सगळे ठीक. मी आईला विचारले, रविवारी दुखते का? ती जरा थांबली आणि म्हणाली, "नाही हो, रविवारी नाही दुखत. आणि दिवाळीच्या सुटीत तर एकदाही नाही दुखलं." हे दुखणे खोटे नसते, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. भीतीने मोठ्या माणसाच्या पोटात गोळा येतो, तसा लहानाच्याही येतो. मुलाला तो सांगता येत नाही, म्हणून ते पोटाला हात लावते. या मुलाला एक ते शंभर आकडे रोज वहीत लिहून न्यावे लागत होते आणि न झाल्यास वर्गात उभे राहावे लागत होते.

साडेचार वर्षांच्या मुलाने शंभरपर्यंत लिहावे का? हाताची रचना पाहिली म्हणजे उत्तर सापडते. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची, म्हणजे कानाच्या पाळीसारखी मऊ असतात. पहिली दोन हाडे पहिल्या काही महिन्यांत कठीण होऊ लागतात, बाकीची वर्षावर्षाने, आणि शेवटचे नवव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास. वय ठरवायचे असेल तर आम्ही मनगटाचा एक्स-रे काढतो तो यासाठीच. बोटांच्या बारीक स्नायूंवरचा ताबाही असाच सावकाश येतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटे. तीन वर्षांचे मूल पेन्सिल मुठीत धरते; ती तीन बोटांत धरण्याची पकड चार ते सहा वर्षांच्या दरम्यान पक्की होते. त्याआधी दोन रेघांत अक्षर बसवायला लावले तर मूल सगळा जोर लावून लिहिते, हात दुखतो, अक्षर वाईट येते, त्यावर बोलणी बसतात, आणि लिहिणे म्हणजे शिक्षा हे त्याच्या मनात बसते.

बोटांना तयार करायचे असेल तर घरात साहित्य भरपूर आहे. कणकेचा गोळा द्या, मळू द्या. मटार सोलू द्या, मेथी निवडू द्या, खडूने अंगणात मोठमोठे गोल काढू द्या, सदऱ्याची बटणे स्वतः लावू द्या, भले दहा मिनिटे लागोत. इथे एक सूचना डॉक्टर म्हणून करतो. शेंगदाणे, हरभरे, चिंचोके, मणी घेऊन चार-पाच वर्षांखालील मुलांना एकटे बसवू नये. ते नाकात जातात आणि श्वासनलिकेतही जातात. शेंगदाणा फुप्फुसाच्या नळीत अडकला म्हणजे रात्रीबेरात्री गाडी करून मोठ्या शहरात पळावे लागते.

आता मेंदू सक्रिय करणाऱ्या क्लासबद्दल. यात मध्यमेंदू नावाच्या भागाचा उल्लेख असतो. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल पुस्तक वाचते, रंग ओळखते, असे प्रात्यक्षिक दाखवतात. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठाचा, अंगठ्याच्या पेराएवढा भाग आहे. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे मान वळणे, शरीराची हालचाल अशी कामे तो जन्मापासून करत असतो. तो बंद असता तर बाळ नजर फिरवू शकले नसते. पट्टी बांधून वाचण्याची युक्ती अशी, की नाकाच्या कडेला फट राहते आणि तिथून खाली दिसते. पुस्तक हनुवटीच्या खाली धरतात ते त्यामुळेच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे अनेकदा उघड करून दाखवले आहे. पुस्तक मुलाच्या डोक्यामागे धरा, वाचन तत्काळ थांबते. यात मला पैशापेक्षा दुसऱ्या गोष्टीचे वाईट वाटते. मुलाला ठाऊक असते की आपण फटीतून पाहतो. आई-वडील टाळ्या वाजवतात. म्हणजे इतकी फी भरून आपण पाच वर्षांच्या मुलाला खोटे बोलायला शिकवतो.

ॲबॅकसची गोष्ट वेगळी आहे, ते लबाडीचे काम नाही. मण्यांच्या चौकटीवर हिशेब करण्याची ती जुनी पद्धत आहे. गुजरातमधील बडोदा येथील एका शाळेत पाच ते सात वर्षे वयाच्या सुमारे दोनशे मुलांवर तीन वर्षे याचा नीट प्रयोग झाला आणि २०१६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ॲबॅकस शिकलेल्या मुलांची बेरीज-वजाबाकी सुधारली. मात्र स्मरणशक्ती किंवा एकंदर बुद्धी वाढल्याचे दिसले नाही. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला आकड्यांची गोडी असेल आणि खिशाला परवडत असेल तर खुशाल घालावे. तीन वर्षांच्या मुलाला नको. चित्रकला, गाणे, नाच यांचेही तसेच. मूल आनंदाने जाते आणि परत येऊन घरी तेच खेळते, तर चांगले आहे. जाताना रडते, तर बंद करावे.

मोबाईलवरच्या शिकवणीचेही विचारतात. करोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, अनेक मुलांची नर्सरी मोबाईलवरच झाली आणि सवय तशीच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाच्या वर नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. इंग्रजी कवितांचा व्हिडिओ लावला म्हणून तो तास वाढत नाही.

आता अंगणवाडी की नर्सरी. अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटण्याची जागा, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

ताराबाई मोडक (१८९२ ते १९७३) या पदवीधर बाई. आपल्या वऱ्हाडाशीही त्यांचा संबंध होता, लग्नानंतर काही वर्षे त्या अमरावतीस होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. शहरातील सुशिक्षितांची मुले तिथे येत. पण खेड्यातील मुलांचे काय, या विचाराने १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ (१९१० ते १९९२) तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येईनात तेव्हा या बायांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. वस्तीतल्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत मुले जमवायची, आधी त्यांना आंघोळ घालायची, नखे कापायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी पद्धतीची शिकवण्याची साधने महाग, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे यांवर मोजणे आणि रंग-आकार शिकवले. या अंगणातल्या बालवाडीचे नाव अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढली. देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सगळ्या देशात गेला.

म्हणजे ही गरिबांसाठी काढलेली दुय्यम सोय नव्हती. देशातल्या उत्तम शिक्षिकांनी विचार करून काढलेली वाट होती. आंघोळ, नखे, जेवण आणि गोष्ट ही एकाच ठिकाणी, यातच तिचे शहाणपण आहे. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर १९८६-८७ साली याच धर्तीचा प्रयोग झाला. किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील वाढ खुंटलेली १२९ बालके घेतली. काहींना दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जाई आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवी. काहींना दोन्ही मिळाले, काहींना दोन्ही नाही. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी ती मुले कमावती झाल्यावर पाहणी केली तेव्हा ज्यांच्या आयांना खेळणे-बोलणे दाखवले होते, त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक निघाली. आठवड्याला एक तास, लाकडाचा ठोकळा, डबा, चित्रांचा कागद. त्यात परकी भाषा नव्हती की गणवेश नव्हता.

आईचे बोलणे हा शब्द इथे मुद्दाम आला आहे. काही ठिकाणी पालकांना बजावले जाते की घरी मुलाशी इंग्रजीच बोला. आईला इंग्रजी येत नसते. मग ती काय करते? ती गप्प होते. "ईट, कम, गो" एवढ्यावर घर चालते. ज्या वयात मूल आजीकडून दिवसाला शेकडो वाक्ये ऐकते, का म्हणून विचारते, रुसते, गोष्ट पुन्हा सांग म्हणते, त्या वयात त्याच्या कानावर दहा-बारा तुटके शब्द पडतात. तीन वर्षे उलटली तरी वाक्य न बोलणारी मुले माझ्याकडे येतात, त्यांत काही अशा घरची असतात. इंग्रजीला माझा विरोध नाही. ती पुढे यावीच. पण जे मूल आपल्या बोलीत भरभरून बोलते, त्याला दुसरी भाषा लवकर येते. तेव्हा पत्रलेखकांच्या घरच्या माउलींनी वऱ्हाडीत मनसोक्त बोलावे. मुलीच्या बुद्धीला त्याने काडीचाही धक्का लागत नाही.

लवकर सुरुवात केली तर पोर पुढे राहील ही जी धास्ती आहे, तिच्याबद्दल दोन शब्द. फिनलंडमध्ये मुले सातव्या वर्षी शाळेत जातात. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन शिकलेल्या आणि सातव्या वर्षी शिकलेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. आपल्याकडे प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्याबद्दल अहवाल दिला, त्यातही चिमुकल्यांच्या मुलाखती आणि चाचण्या बंद कराव्यात असे म्हटले होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा घेण्यास बंदी केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचे वय सहा पूर्ण असे धरले आहे आणि त्याआधीची तीन वर्षे खेळातून शिकण्याची म्हटली आहेत. म्हणजे या मुलीला पहिलीत जायला अजून तीन वर्षे आहेत.

आजोबांचे म्हणणे मला पटते, पण डोळे झाकून नव्हे. सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात. काही ठिकाणी सेविका मन लावून शिकवतात, काही ठिकाणी त्या बिचाऱ्या रजिस्टर आणि मोबाईलवर माहिती भरण्यातच बुडालेल्या असतात. आपण स्वतः जाऊन तासभर बसावे. मुले हलतात, गातात की भिंतीला टेकून गप्प आहेत? पाणी झाकलेले आहे का, मुतारी वापरण्यासारखी आहे का, खाऊ देण्याआधी हात धुतात का? सेविका मुलांना नावाने हाक मारतात का? हेच प्रश्न फी घेणाऱ्या नर्सरीतही विचारावेत. तिथे आणखी एक, व्हॅनमध्ये किती मुले कोंबतात. गल्लीतली अंगणवाडी नीट चालत नसेल आणि गावातच चांगली बालवाडी असेल तर तिथे घालावे. नर्सरीत घातले तरी अंगणवाडीतले नाव मात्र काढू नये, कारण वजन-उंची, लसीकरण, दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत जीवनसत्त्व 'अ' चा डोस, जंताची गोळी आणि आठवड्यातून दोनदा लोहाच्या औषधाचा एक मिलिलिटर हे तिथूनच होते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी ६७ रक्तक्षयी आढळली. रक्त कमी असलेले मूल मंद दिसते, दमते, शिकवलेले विसरते. त्यावर उपाय लोहाच्या औषधात, पालेभाजीत, डाळीत, गूळ-फुटाण्यात आणि सकाळचा चहा बंद करण्यात आहे. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. मुलाला सकाळी चहा-टोस्ट देऊन व्हॅनमध्ये बसवणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आता त्या शेवटच्या ओळीकडे. वाहणारा कान हे विशेष काही नाही असे नसते. सर्दीचा जंतू नाकाच्या मागच्या नळीतून कानात चढतो, पू होतो, पडद्याला भोक पडते आणि तो बाहेर येतो. असे वारंवार झाले तर भोक भरत नाही आणि ऐकू कमी येते. मूल बहिरे दिसत नाही, हाक मारली तर वळते, पण शब्दातले बारीक आवाज त्याला निसटतात. 'कप' आणि 'काप' त्याला एकच. अशा मुलाला कुठल्याही वर्गात बसवले तरी बाई लिहिणार, लक्ष देत नाही. मुलगी टीव्हीचा आवाज वाढवते का, सारखे "काय?" म्हणते का, मागून हळू हाक मारल्यास वळते का, हे आईने चार दिवस पाहावे. त्याच वेळी डोळेही पाहावेत. एक डोळा हाताने झाकला आणि मुलगी शांत राहिली, दुसरा झाकल्यावर मात्र रडून हात ढकलू लागली, तर पहिल्याच्या नजरेबद्दल शंका घ्यावी. तिरळेपणा भाग्याचा असतो असे म्हणून बसू नये. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले नाहीत तर त्या डोळ्याची दृष्टी परत येणे कठीण होते.

कानात कोमट तेल, लसणाचे तेल, दूध काहीही घालू नये. काडी, पिन घालू नये. कापसाचा बोळा कोंबून ठेवू नये. बाहेर आलेला पू स्वच्छ सुती कापडाच्या वातीने टिपावा आणि वात टाकून द्यावी. आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नये. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, त्यांच्या फेरीची तारीख सेविकांना विचारून ठेवावी, परंतु तेवढ्यासाठी थांबून राहू नये. औषधाने दोन आठवड्यांत कान कोरडा झाला नाही तर बुलढाण्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पडदा पाहून घ्यावा आणि ऐकू येण्याची तपासणी करून घ्यावी. क्लासचे पत्रक तोपर्यंत बाजूला ठेवावे, आणि काय निघाले ते मला अवश्य कळवावे.